जिनिव्हातले बिनबारशाचे लेकरू

स्वित्झर्लंडच्या सहलीत जिनिव्हाच्या वाट्याला फार तर एक दिवस येतो. बस सरोवराकाठी थांबते, १४० मीटर उंच उडणाऱ्या कारंज्यापुढे फोटो निघतात, फुलांचे घड्याळ पाहून होते, संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीसमोरची ती पाय मोडलेली अवाढव्य खुर्ची पाहून होते, आणि उरलेला वेळ चॉकलेटच्या दुकानात जातो. मैत्रिणींनो, सहलीबरोबर म्हणा किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी म्हणा, तुमचे कधी तिकडे जाणे झाले, तर त्या दिवसातले तीन तास बाजूला काढून ठेवा. चॉकलेट काय, विमानतळावरही मिळते. हे तीन तास एका अठरा वर्षांच्या आईसाठी आहेत.

'फ्रँकेन्स्टाइन' हे नाव तुम्ही ऐकलेच असेल. चपटे डोके, मानेत खिळे, घशातून नुसती गुरगुर, असा तो राक्षस. हे रूप त्याला दिले १९३१ सालच्या हॉलिवूडच्या चित्रपटाने. बोरिस कार्लॉफ या नटाने ते इतके ठसवले की मूळ पुस्तक बाजूलाच राहिले. मूळ पुस्तकात फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नावच नाही, बरं का! ते त्याला घडवणाऱ्या तरुणाचे आडनाव. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन, राहणार जिनिव्हा, चांगल्या घरचा हुशार मुलगा. त्याने घडवलेल्या जीवाला पुस्तकभर नावच नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याचे बारसेच झाले नाही. १८२३ साली लंडनला या कथेचे नाटक झाले, तेव्हा जाहिरातीत त्या पात्राच्या जागी नुसती रेघ छापली होती. लेखिका स्वतः ते नाटक पाहायला गेली होती आणि ती रेघ तिला भारी आवडली.

हो, लेखिका. हे पुस्तक एका बाईने लिहिले आहे. मेरी शेली तिचे नाव.

जिनिव्हाच्या सरोवराच्या डाव्या तीरावर कोलोन्यी नावाची टेकडी आहे. शहरातून बसने थोड्याच वेळात पोहोचता येते. (हॉटेलात उतरलात तर बस-ट्रामच्या मोफत पासाबद्दल विचारून घ्या, तिथे तशी सोय असते.) आज ही बड्या श्रीमंतांची वस्ती आहे, उंच कुंपणे, आत कुत्री, रस्त्यावर चिटपाखरू नाही. या टेकडीवर व्हिला डिओडाटी नावाचा जुना बंगला आहे. मोठा, चौकोनी, पुढे लोखंडी कठड्याची गॅलरी. आत जाता येत नाही, खाजगी मालमत्ता आहे. पण बंगल्याशेजारी थोडे मोकळे कुरण ठेवले आहे. तिथे बसले की खाली निळे सरोवर, पलीकडे जुरा पर्वताची लांबच लांब रांग. १८१६ साली हा बंगला लॉर्ड बायरन या इंग्रज कवीने भाड्याने घेतला होता, म्हणून कुरणाला नाव बायरनचे.

आपण ज्या मुलीसाठी आलो, ती खाली सरोवरालगतच्या एका लहान घरात राहत होती. मेरी तेव्हा अठरा वर्षांची होती. सोबत कवी पर्सी शेली. त्याची लग्नाची बायको आणि मुले इंग्लंडात, आणि ही त्याच्याबरोबर सोळाव्या वर्षी पळून आलेली. बरोबर तिची सावत्र बहीण क्लेअर, तिला बायरनपासून दिवस गेलेले. आणि मेरीच्या कडेवर पाच महिन्यांचा मुलगा, विल्यम. लोक दुर्बिणी लावून या मंडळींचे घर बघत. शेजारीपाजारी सगळीकडे सारखेच, नाही का?

त्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. आदल्या वर्षी, एप्रिल १८१५ मध्ये, इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावरचा तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्याची धूळ आणि वायू आकाशात इतके उंच गेले की पुढच्या वर्षी अर्ध्या जगात ऊन नीट पोहोचले नाही. स्वित्झर्लंडमध्ये पिके कुजली, पाव महागला, गरिबांनी उपासमार सोसली. या मंडळींना कारण ठाऊक नव्हते. जून महिना असून शेकोटी पेटवून बसायचे आणि सरोवरावरच्या विजा बघायच्या, एवढेच त्यांच्या हाती होते. असेच एका रात्री वर बंगल्यात भुतांच्या गोष्टी वाचताना बायरनने टूम काढली, की आपण प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहू या. दोन्ही मोठ्या कवींची गोष्ट काही पुरी झाली नाही. बायरनचा तरुण डॉक्टर पोलिडोरी याची रक्तपिपासू उमरावाची कथा पुढे १८१९ साली छापली गेली. ड्रॅक्युलाच्या घराण्यातला तो थोरला म्हणायला हरकत नाही. आणि मेरीला बरेच दिवस काही सुचेना. रोज सकाळी सगळे विचारीत, सुचली का गोष्ट? हिचे आपले नाही. मग एका रात्री पडल्या पडल्या तिला दिसले, की एक विद्यार्थी आपणच जोडून तयार केलेल्या जीवापाशी गुडघे टेकून बसला आहे, आणि तो जीव हलू लागला आहे.

हे सगळे इंग्रजी वाङ्मयाच्या पुस्तकात असते. वीज, वादळ, कवी, बंगला. पण मला विचाराल तर त्या दृश्याचे मूळ बंगल्यात नाही, तिच्या आधीच्या दोन बाळंतपणांत आहे. एक तिच्या आईचे आणि एक तिचे स्वतःचे.

तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट. १७९२ साली स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तक लिहून तिने इंग्लंडात खळबळ उडवून दिली होती. मुलीने काय, मुलाइतकेच शिकावे, असे म्हणणारी बाई. ३० ऑगस्ट १७९७ च्या रात्री तिला ही मुलगी झाली. सुईण हुशार होती, पण वार पडेना. मग डॉक्टर आले आणि त्यांनी हात घालून तुकड्यातुकड्यांनी वार काढली. हात धुवायची पद्धत तेव्हा नव्हती. डॉक्टरांच्या हातांनी बाळंतज्वर पसरतो हे सेमेलवाइसने व्हिएन्नात दाखवून दिले ते १८४७ मध्ये, आणि तेव्हाही पुष्कळ डॉक्टरांना ते पटले नाही. बाळंतिणीला थंडी भरली. बाळाला अंगावर पाजू नका म्हणाले, आणि दुधाने छाती भरून येऊ नये म्हणून तिला कुत्र्याची पिल्ले लावली. ऐकवत नाही ना? अकराव्या दिवशी ती गेली. आपल्याकडे अशा मुलीला काय काय ऐकावे लागते ते मी सांगायला नको. मेरीला कोणी तसे बोलले की नाही, कोण जाणे. पण ती आईच्या थडग्यापाशी पुस्तके घेऊन बसे.

दुसरे बाळंतपण तिचे. फेब्रुवारी १८१५, वय सतरा. अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली, तिचे नावही ठेवले नव्हते, आणि दोन आठवड्यांतच ती पाळण्यात मेली. पुढे काही दिवसांनी मेरीने रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवले आहे. बाळ मेलेले नाही, नुसते गार पडले आहे. आपण दोघांनी त्याला शेकोटीपुढे चोळले आणि ते जिवंत झाले. जाग आली, बाळ नाही.

ज्या बाईने गार पडलेल्या बाळाला उबेने जिवंत होताना एकदा स्वप्नात पाहिले आहे, तिला वर्षभराने भुताची गोष्ट लिही म्हटले, तर ती दुसरे काय लिहिणार होती?

तिच्या गोष्टीतला व्हिक्टर इंगोल्श्टाट गावी शिकायला जातो. दोन वर्षे खपून, स्मशानातून हाडे-मांस गोळा करून, आठ फूट उंचीचा देह जुळवतो. निवडून निवडून सुंदर अवयव घेतलेले. नोव्हेंबरच्या एका पावसाळी रात्री त्या देहाने डोळे उघडले, आणि व्हिक्टरला त्याची शिसारी आली. तो खोलीतून पळून जातो. थोड्या वेळाने तो जीव बिछान्याचा पडदा सारून त्याच्याकडे बघतो, काही तरी बोबडे पुटपुटतो, हसण्याचा प्रयत्न करतो, हात पुढे करतो. अंगावर येणारा राक्षस म्हणून व्हिक्टर पुन्हा पळतो. तुम्ही-आम्ही मुले वाढवलेल्या बायका. हात पुढे करून बोबडे हसणारे काय असते ते आपल्याला वाचताक्षणी कळते. व्हिक्टरला कळत नाही.

आपल्या जरासंधाची गोष्ट आठवा. दोन राण्यांच्या पोटी अर्धे अर्धे शकल आले, दायांनी ते बाहेर टाकून दिले, आणि जरा नावाच्या राक्षसिणीने ती शकले जोडली. मूल रडले, राजाने उचलून घेतले, आणि जिने सांधले तिच्यावरून त्याचे नाव पडले. पुढे तो कसाही निघाला, तरी त्याला घर मिळाले, नाव मिळाले. व्हिक्टरच्या लेकराला तेवढेही नाही.

आता टेकडी उतरून शहरात प्लँपाले नावाच्या मोठ्या मैदानावर या. लालसर खडीचे, पतंगाच्या आकाराचे मैदान. बुधवारी आणि शनिवारी जुना बाजार भरतो. जुनी भांडी, लेसचे रुमाल, चिनीमातीच्या कपबश्या असे काय काय असते, आणि भाव करायला हरकत नाही. या मैदानाच्या कडेला २०१४ पासून एक ब्राँझचा पुतळा उभा आहे. फाटके कपडे, टाके घातलेला चेहरा, किंचित वाकलेला, कुठे जावे ते न कळल्यासारखा. चबुतरा नाही, जमिनीवरच उभा, माणसांत. हा मेरीचा बिनबारशाचा. जिनिव्हाकरांनी त्याला लाडाने 'फ्रँकी' नाव ठेवले आहे. दोनशे वर्षांनी का होईना!

पुतळा इथेच का? कारण कादंबरीत पहिला खून इथे होतो. व्हिक्टरचा धाकटा भाऊ, लहानगा, खळी पडणाऱ्या गालांचा. संध्याकाळी फिरायला आलेले कुटुंब, मुलगा खेळता खेळता दिसेनासा झाला, पहाटे त्याचे प्रेत सापडले, गळ्यावर बोटांचे वळ. आणि या मुलाचे नाव मेरीने काय ठेवावे? विल्यम. पाळण्यात तिचा स्वतःचा विल्यम असताना.

यावर टीकाकारांनी पुष्कळ लिहिले आहे. विल्यम हे तिच्या वडिलांचेही नाव, आणि पळून गेल्यावर त्या वडिलांनी तिच्याशी बोलणे टाकले होते, तो राग असेल, असे म्हणतात. असेलही. पण एक मूल गमावलेली आई दुसऱ्याच्या पाळण्यावर रात्री वाकून श्वास चालू आहे की नाही ते बघते. जी भीती तोंडाने उच्चारायची नाही, ती तिने कागदावर लिहून काढली असे मला वाटते.

खुनाचा आळ येतो घरातल्या जस्टीन या पोरीवर. तिला आईने लहानपणीच नकोशी केलेली, या घराच्या आश्रयाने वाढलेली. ती फाशी जाते. खरा खुनी कोण, हे व्हिक्टरला ठाऊक आहे. पण लोक वेडा म्हणतील म्हणून तो गप्प बसतो. पुस्तकातले सगळ्यांत भयानक पान कोणते म्हणाल, तर माझ्या मते ते हे. राक्षस त्यात कुठे दिसतही नाही.

प्लँपालेच्या मैदानाची आणखी एक आठवण सांगते. मेरीने १८१६ च्या जूनमध्ये इथून लिहिलेल्या पत्रात या मैदानावरच्या रूसोच्या स्मारकाचा उल्लेख आहे. रूसो जिनिव्हाचा सुपुत्र, १७१२ चा जन्म. जुन्या गावात त्याचे घर दाखवतात आणि सरोवराच्या तोंडाशी त्याच्या नावाचे बेट आहे. मुलांना कसे वाढवावे यावर 'एमिल' हा त्याचा ग्रंथ १७६२ सालचा, जगभर गाजलेला. आणि स्वतःची पाचही मुले जन्मताच पॅरिसच्या बेवारशी मुलांच्या आश्रमात टाकून दिली! बिचाऱ्या आईला विचारतो कोण. मेरीने पुढे रूसोचे चरित्र लिहिले, त्यात या गोष्टीवरून त्याला मुळीच क्षमा केली नाही. व्हिक्टरला तिने जिनिव्हाचाच का केला, असा प्रश्न कोणी विचारला तर मी हे मैदान दाखवीन.

हातात आणखी एक दिवस असेल तर शामोनीला जा. ते फ्रान्समध्ये आहे, पण शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. बसने दीड तास धरा. तिथून मोंतांवेरची दातेरी रुळांची लाल आगगाडी वर नेते, आणि समोर 'मेर द ग्लास', म्हणजे बर्फाचा समुद्र. उन्हाळ्यातही लोकरीचे कपडे आणि जाड तळव्यांचे बूट हवेत. साडी नेसणार असाल तर आत गरम पायजमा घाला. मेरी इथे जुलै १८१६ मध्ये खेचरावरून चढून आली होती. तिने पाहिलेला हिमनदीचा पृष्ठभाग आज तुमच्या डोक्याहून कितीतरी उंच असता. १९८८ साली बर्फावर उतरायला तीन-चार पायऱ्या पुरत. पुढे त्या वाढत पाचशेच्या वर गेल्या. वाटेत कोणत्या साली बर्फ कुठवर होते त्याच्या पाट्या लावल्या आहेत. त्या वाचत उतरताना गप्पा आपोआप थांबतात.

याच बर्फावर कादंबरीत बाप आणि लेक समोरासमोर येतात, आणि लेक पहिल्यांदा आपली हकीकत सांगतो. चित्रपटातला गुरगुरणारा तो हा नव्हेच. हा लाकडांच्या आडोशाला लपून, शेजारच्या गरीब कुटुंबाचे बोलणे ऐकत ऐकत भाषा शिकला आहे. त्यांच्यासाठी रात्री गुपचूप सरपण तोडून ठेवायचा. घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याने त्याचे मायेने ऐकून घेतले, कारण म्हाताऱ्याला त्याचे रूप दिसत नव्हते. बाकीचे आले आणि त्यांनी काठीने बडवून हाकलले. बुडणाऱ्या मुलीला वाचवले तर गोळी खावी लागली. त्याचे मागणे एवढेच, की मला माझ्यासारखी एक सोबतीण करून दे, मी दूर निघून जाईन. व्हिक्टर कबूल होतो, अर्धी अधिक घडवतो, आणि मग त्याच्या डोळ्यांदेखत तिचे तुकडे करतो. पुढचे खून सांगत बसत नाही. पुस्तक वाचायचे असेल त्यांचा रस जायला नको.

हे लिहीत असताना मेरीच्या घरी काय चालले होते? ऑक्टोबर १८१६ मध्ये तिची थोरली बहीण फॅनी हिने जीव दिला. जवळ घड्याळ सापडले, मेरी आणि शेलीने जिनिव्हाहून आणून दिलेले. डिसेंबरमध्ये शेलीच्या पहिल्या बायकोने पाण्यात जीव दिला, आणि महिना संपायच्या आत मेरीचे लग्न लागले. क्लेअरची मुलगी जन्मली. बायरनने ती आईकडून काढून घेतली आणि पुढे इटलीतल्या मठात ठेवली, तिथे ती पाचव्या वर्षी गेली. मेरीला पुन्हा दिवस राहिले. तशा अवस्थेत, मे १८१७ मध्ये तिने पुस्तक पुरे केले. १ जानेवारी १८१८ ला ते निघाले, ५०० प्रती, वर लेखिकेचे नाव नाही. पुष्कळांना ते शेलीनेच लिहिले असे वाटले. बाईच्या नावाने छापले ते १८२३ साली.

त्या पुस्तकानंतर वर्ष-दीड वर्षात तिची दोन्ही मुले गेली. क्लारा व्हेनिसला, एक वर्षाची. आणि जून १८१९ मध्ये रोमला विल्यम, साडेतीन वर्षांचाही पुरता नाही, तापाने. १८२२ मध्ये शेली समुद्रात बुडाला. चार मुलांतला एकच मुलगा, पर्सी, हाती लागला, आणि पंचविशीही न गाठलेल्या त्या विधवेने लेखणीवर संसार चालवून त्याला शिकवले. १८३१ साली कादंबरीची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिने प्रस्तावनेत आपल्या पुस्तकाला आपले कुरूप अपत्य म्हटले आहे आणि जगात जाऊन ते सुखाने नांदो, अशी इच्छा केली आहे. व्हिक्टरने जे केले नाही ते तिने केले.

१ फेब्रुवारी १८५१ ला लंडनला ती वारली, वय ५३. वर्षभराने तिचे लिहिण्याचे डेस्क उघडले, त्यात मेलेल्या मुलांच्या केसांच्या बटा जपून ठेवलेल्या निघाल्या. तिला आईवडिलांजवळ पुरून घ्यायचे होते, पण लंडनची ती दफनभूमी मुलाला आणि सुनेला पसंत नव्हती. म्हणून त्यांनी आईवडिलांचेच अवशेष तिथून हलवले आणि तिघांना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथला एका जागी ठेवले. सेंट पीटर चर्चच्या आवारात, चढावर ते थडगे आहे. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून आगगाडीने दोन तासांचा रस्ता. चर्च गावाच्या मध्यावर आहे, कोणीही दाखवील.